मोठी फाइल काढून ‘गिट जीसी’ (आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट प्रणालीची साफसफाईची आज्ञा) चालवले, तरी रिपॉझिटरीचा (प्रकल्पाच्या फाइली व इतिहासाच्या साठ्याचा) आकार कमी का होत नाही?

ती फाइल जुन्या कमिटमध्ये (प्रकल्पाच्या जतन केलेल्या स्थितीत) अजूनही आहे, आणि शाखा किंवा टॅगपासून इतिहासात मागे जाऊन जिथे पोहोचता येते, असे कोणतेही ऑब्जेक्ट (साठवलेली फाइल, फोल्डर किंवा कमिट) गिट पुसत नाही. ‘जीसी’ मुख्यतः सुटे ऑब्जेक्ट पॅकफाइल या एका संकुचित फाइलीत एकत्र करते आणि एकमेकांशी मिळत्याजुळत्या ऑब्जेक्टांपैकी काहींचे केवळ फरक साठवते. त्यामुळे सोर्स कोडमध्ये मोठी बचत होते, पण आधीच कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओ किंवा झिप फाइलींमध्ये ती नगण्य असते.

फाइल इतिहासातूनच काढायची असल्यास ‘गिट फिल्टर-रेपो’ हे इतिहास पुन्हा लिहिणारे साधन वापरावे. मात्र त्यामुळे ती फाइल जिथे आली त्या कमिटपासून पुढच्या सर्व कमिटचे हॅश (ओळखचिन्हे) बदलतात, म्हणून सहकाऱ्यांना आधी कळवणे आणि मूळ रिपॉझिटरीची पूर्ण प्रत जपून ठेवणे अत्यावश्यक आहे.

रीबेसनंतर (कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्यानंतर) मागे राहिलेल्या कमिटची गोष्ट वेगळी आहे: रिफ्लॉग (शाखा आधी कुठे होत्या याची स्थानिक नोंद) त्यांना सहसा 30 दिवस धरून ठेवतो आणि त्यानंतर छाटणीसाठी, म्हणजे कायमचे पुसले जाण्यासाठी, ऑब्जेक्ट किमान 2 आठवडे जुने असावे लागते. ही मुदत चुकून गमावलेले काम परत मिळावे यासाठीच असल्यामुळे, केवळ जागेसाठी ती शून्यावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जीसी’च्या अधिक कसून कॉम्प्रेस करणाऱ्या ‘ॲग्रेसिव्ह’ पर्यायाला वेळ फार लागतो आणि नेहमीच्या कामात त्याची गरज क्वचितच भासते.