‘मुळातच तसा’ म्हणण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीत तू संध्याकाळचा वर्ग घेतेस, तिथल्या त्या चिडक्या, दंगेखोर नऊ वर्षांच्या मुलाबद्दल तू विचारलंस, ‘हा मुळातच असा आहे, की वस्तीनं केलाय?’ आपल्याकडे दोन्ही उत्तरं तयार असतात. ‘खाण तशी माती’ म्हणणारे आपण आणि ‘वाण नाही पण गुण लागला’ म्हणणारेही आपणच.

जुळ्या भावंडांवरच्या ५० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१५ साली मांडला गेला. २,७४८ शोधनिबंध तपासून माणसामाणसांतल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. हा आकडा लोक हमखास चुकीचा वाचतात आणि म्हणतात, म्हणजे या पोराचा अर्धा स्वभाव जन्माचाच. तो समूहातल्या फरकांचा आकडा आहे. एकाच खाचरात, एकाच पाण्यावर वाढलेल्या भाताच्या रोपांत दिसणारा फरक बराचसा बियाण्याचा असतो. शेजारच्या खाचराचा बांध फुटून पाणी निघून गेलं, तर तेच बियाणं तिथे खुरटतं. खुरटलेलं एक रोप उपटून त्यात बियाण्याचा दोष किती आणि पाण्याचा किती, हे कुणालाही सांगता येणार नाही.

जन्मासोबत येतो तो स्वभावाचा कल: चटकन चिडणं, बुजणं, एका जागी न ठरणं. मदतीची ओढही फार लवकर दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ महिन्यांची बहुतेक मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देत होती. पुढे २००८ मध्ये त्याच संशोधकांना दिसलं, की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं नंतर कमी मदत करतात. म्हणून वर्ग झाडणाऱ्याला चॉकलेट देऊ नकोस. ‘तू तिची वही शोधून दिलीस’ एवढं तिथल्या तिथे म्हण.

खरी अडचण पुढे आहे. चिडक्या मुलाच्या वाट्याला ओरडा जास्त येतो, ओरड्यानं तो आणखी चिडतो, आणि मग सगळे म्हणतात, ‘बघा, मुळातच तसा.’ तुला हात घालायचा आहे तो या चक्रात.

एका वहीत चार रकाने आख: वेळ, आधी काय झालं, त्यानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. वर्गाचे दहा दिवस फक्त लिही, काही बदलू नकोस. ‘मस्ती केली’ चालणार नाही. ‘शेजारच्याची पेन्सिल ओढून खिडकीबाहेर टाकली’ असं लिही. विशेषण आलं की घटना निसटते आणि तुझा राग तेवढा कागदावर उतरतो. वर्ग सुटल्या सुटल्या लिही; रात्री घरी आठवून लिहिलेल्यात जुळवाजुळव होते.

मग नोंदी वेळेप्रमाणे लावून बघ. नळाला पाणी येण्याची आणि वर्गाची वेळ एकच असेल, तर हंडे भरून धापा टाकत आलेलं पोर ओरडा खातच आत शिरतं. शाळेतल्या खिचडीनंतर पोटात काही गेलं नसेल, तर मूठभर फुटाणे वर्गाच्या शेवटी न देता सुरुवातीला दे. आणि प्रत्येक दंग्यानंतर तू त्याच्या शेजारी जाऊन बसत असशील, तर दंग्याचं मोल तूच देते आहेस. तो शांत असताना दर दहा मिनिटांनी त्याच्याजवळ जा. दंग्याकडे लक्ष देणं थांबवलंस की पहिले काही दिवस दंगा वाढेल. बहुतेक जण नेमके तेव्हाच डगमगतात, आणि मुलाला कळतं की जोर वाढवला की ताई येतात. कुणाला इजा होणार असेल तर मात्र ताबडतोब मधे पड. एका वेळी एकच बदल कर, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

दिलेला शब्द पाळ, हे मी फार कळकळीनं सांगतोय. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २८ लहान मुलांसमोर खाऊ ठेवला होता, थांबलात तर दुप्पट मिळेल असं सांगून. ज्यांना आधी शब्द मोडणारा माणूस भेटला होता ती सरासरी ३ मिनिटं थांबली; ज्यांना शब्द पाळणारा भेटला होता ती १२ मिनिटं. ज्याला आपण ‘धीर नाही’ म्हणतो, तिथे कित्येकदा भरवसा नसतो. सोमवारी रंगपेटी आणते म्हणालीस, तर सोमवारीच आण. जमणार नसेल तर बोलूच नकोस.

एखाद्याचं वागणं एकाएकी पालटलं, अंगावर वळ दिसले, कुणा एका मोठ्या माणसाला पाहून तो आक्रसला, तर वहीत अडकून पडू नकोस. केंद्राच्या प्रमुखांना त्याच दिवशी सांग आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लाव.

वहीवर मुलाचं नाव घालू नकोस, एखादी खूण टाक. आणि ती वर्गात ठेवून येऊ नकोस, मुलं वाचतात.