जननपेशी कुठून येतात? आधी फळमाशीचं अंडं बघा

एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी जननपेशींचा, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे अंडी आणि शुक्राणू बनतात त्या पेशींचा, विषय धरलात, मनापासून आनंद झाला. मात्र सगळ्या प्राण्यांच्या मागे एकदम लागू नका. फळमाशी आणि उंदीर, एवढे दोनच घ्या.

माशीच्या अंड्यात मागच्या टोकाला आईनेच जननद्रव्य (पेशीला जननपेशी बनवणारं द्रव्य) ठेवलेलं असतं. विभागताना जी केंद्रकं तिथे पोचतात, त्यांच्या ध्रुवपेशी, म्हणजे पुढच्या जननपेशी, होतात. २५ अंशांना साधारण दीड तासात. उंदराच्या अंड्यात अशी तयारी नसते. सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास शेजारच्या ऊतीकडून बीएमपी४ या प्रथिनाचा संकेत येतो, तेव्हा मोजक्या पेशी जननपेशी होण्याची वाट धरतात. हा फरक पक्का करा. जननद्रव्याशी निगडित ऑस्कर, नॅनोस ही जनुकं नंतर.

सुरुवातीच्या चुका:
- जननपेशी अंडाशयात किंवा वृषणातच जन्मतात असं समजणं. त्या दुसरीकडे तयार होऊन तिथवर प्रवास करतात.
- माशीचा नियम माणसाला लावणं. आपण उंदराच्या वाटेचे.
- सोलापूरच्या उन्हाळ्यात माश्यांच्या बाटल्या उघड्या खोलीत ठेवणं. ३० अंशांच्या वर नर वांझ होतात, आणि मग अंडी फलित होत नाहीत. बाटल्या थंड जागीच हव्यात.

माशीच्या अंड्याचं कवच काढून तेलाच्या थेंबात ठेवा. मागच्या टोकाला गोल ध्रुवपेशींचा झुबका साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतो.