मे महिन्यात सातपुड्यात ५० किलोमीटर पळायचंय, उन्हाची तयारी कशी करू?

तुम्ही पुण्यात राहता, रस्त्यावरच्या दोन मॅरेथॉन झाल्यात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मित्रांसोबत यावल-रावेरकडच्या सातपुड्यात ५० किलोमीटरची डोंगरवाट पळायची आहे, एकूण चढ साधारण १८०० मीटर, हातात सहा आठवडे आहेत. उन्हाचं काय करू आणि पाणी किती पिऊ, असं विचारलंय.

मी धुळ्याचा. त्या भागात मे महिन्यात तीनदा लांब पळालोय. दोनदा पूर्ण केलं, एकदा ३१ किलोमीटरवर थांबलो. ते का थांबलो हे खाली सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

ऊन वरून येतं एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण पळणारा माणूस स्वतःच एक चूल असतो. स्नायूंना जी ऊर्जा लागते तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा पाय हलवायला जातो, बाकीची सगळी उष्णता होते. ६० किलोचा माणूस सपाटीवर १० किलोमीटर पळाला की साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातून निघालेली उष्णता बाहेर टाकायला पाऊण लिटरच्या आसपास घाम पूर्ण सुकावा लागतो. हे सपाटीचं झालं. चढावर तोच हिशेब कुठल्या कुठे जातो. शिवाय आपली कातडी साधारण ३५ अंशांची असते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ सहज गाठतो. म्हणजे वारा लागला तरी तो थंड करत नाही, वर तापवतो. थंड करतो तो फक्त सुकणारा घाम.

म्हणून माझं पहिलं सांगणं: चढ चालत चढा. सगळे चढ, पहिल्यापासून. पहाटे गार असताना पाय मोकळे असतात, तेव्हा चढावर पळायचा मोह होतो. तिथे वाचवलेली दहा मिनिटं दुपारी तासाने फेडावी लागतात. मॅरेथॉनचा वेग विसरा. मी मॅरेथॉन ४ तास १० मिनिटांत पळतो आणि तिकडचे ५० किलोमीटर मला ९ तास २० मिनिटं लागले. त्या दिवशी माझं काहीच बिघडलं नव्हतं, तिकडे तेवढाच वेळ लागतो.

आता सवयीबद्दल. शरीर उन्हाला सरावतं, आणि बऱ्यापैकी लवकर सरावतं. रोज तास-दीड तास उन्हात हळू पळालात तर १० ते १४ दिवसांत फरक पडतो. पहिल्या पाच-सहा दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडी कमी पडते. पुढे घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मात्र सोडून दिलं तर हे सगळं दोन-चार आठवड्यांत ओसरतं. म्हणून सहा आठवड्यांतले पहिले तीन चढ-उतारावर घाला आणि उन्हाचा सराव शेवटच्या तीन आठवड्यांत करा. पुण्यात सकाळी सहाला पळून हा सराव होणार नाही. दुपारी एकला निघा, पण अगदी हळू, आणि सोबत कोणीतरी असू द्या. जमलं तर शेवटचे चार दिवस आधीच जळगावला येऊन राहा. एसी खोलीत नको, पंख्याखाली झोपा.

लळिंगच्या किल्ल्यावर मी दर एप्रिलला हा सराव करतो. धुळ्यापासून जवळ, महामार्गाला लागूनच डोंगर. एकदा अकराच्या सुमारास खाली उतरत होतो तर लिंबाखाली शेळ्या घेऊन बसलेल्या बाबांनी हाक मारली, "भाऊ, येवढा उनमा कथा पयी राहिना?" म्हणजे एवढ्या उन्हात कुठे पळतोयस. मी थांबलो. बाबांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, डोक्याला उपरणं, कान आणि मान झाकलेली. त्यांनी बाटलीतून दोन घोट घेतले, मग उपरणं सोडून त्यावर पाणी ओतलं आणि ओलंच पुन्हा गुंडाळलं. मी बिनबाह्यांच्या बनियनमध्ये उभा, खांदे भाजलेले. त्या दिवसापासून मी पूर्ण बाह्यांचा पातळ, सैल, पांढरा शर्ट आणि सुती उपरणं घेऊनच पळतो. प्रत्येक पाण्याच्या जागी दोन्ही भिजवायचं. कोरड्या हवेत ओलं कापड इतकं गार लागतं की पुढची वीस मिनिटं वेगळीच जातात.

कोरडी हवा फसवतेही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घाम दिसतच नाही, आला की सुकतो. माणसाला वाटतं घाम येत नाहीये, पाणी कशाला. शर्टावर पांढरे मिठाचे पट्टे उमटतात तेव्हा कळतं. म्हणून अंदाजावर जाऊ नका, मोजा. पळायच्या आधी उघड्या अंगाने वजन करा, तासभर उन्हात पळा, अंग पुसून पुन्हा करा. वजन जेवढे किलो कमी झालं तेवढे लिटर, त्यात मधे प्यालेलं पाणी मिळवा. माझं एप्रिलमधलं माप तासाला १.६ लिटर आहे. तेवढं सगळं मी पीत नाही, पिऊही शकत नाही. पोट तासाला लिटरभराच्या वर फारसं घेत नाही. तहान लागेल तसं थोडं थोडं प्या, शेवटी वजन दोन-तीन टक्के उतरलं तर चालतं.

वजन वाढलं तर मात्र घाबरा. भीतीपोटी नुसतं पाणी पीत राहणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम खाली येतं. बोटं सुजतात, डोकं दुखतं, मळमळ होते. लोक त्याला उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात. ते जिवावर बेतू शकतं. मीठ सोबत हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस एका लिटरला एक पाकीट असंच बनवा, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट नको. पाकिटावर ते सूत्र लिहिलेलं आहे का बघून घ्या, नुसती गोड पेयं त्या जागी चालत नाहीत. बाकी खारं ताक आणि कैरीचं मीठ-गूळ घातलेलं पन्हं यांना मी फार मानतो. उन्हात रक्त कातडीकडे आणि पायांकडे जातं, पोटाच्या वाट्याला थोडंच येतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या तासानंतर पळताना खायचं गोड एनर्जी जेल घशाखाली उतरत नाही. तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा जातो. आणि यावल-रावेरात केळी तर पावलोपावली.

एक गोष्ट ठामपणे: पळताना वेदनाशामक गोळी घेऊ नका, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक काहीही नाही. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर घाव घालतात. लघवी कोलासारखी काळपट झाली तर पळणं तिथेच संपलं, सरळ दवाखाना.

वाटेबद्दल थोडं. सातपुड्यातला साग मे महिन्यात जवळजवळ निष्पर्ण असतो, सावली मिळेल हा हिशेब धरू नका. ती सगळी पानं वाटेवर असतात, पापडासारखी वाळलेली, आणि खाली गोटे. पाय सरकतो. उतारावर मांड्यांची सालं निघतात, तेव्हा उताराचा सराव चढाएवढाच करा आणि उताराचा शेवटचा मोठा सराव ५० किलोमीटरच्या दिवसाच्या तीन आठवडे आधी उरकून घ्या. पहाटे चारला निघा, दहापर्यंत निम्म्याहून जास्त वाट मागे पडली पाहिजे. काळा खडक तापला की संध्याकाळपर्यंत खालूनही शेकतो. वाट अभयारण्यातून जात असेल तर वनखात्याची परवानगी आधीच काढा. अंधारात पाणवठ्याजवळून जाताना बोलत, आवाज करत जा, तिथे अस्वलं येतात.

आता ते ३१ किलोमीटर. मी आणि माझा जोडीदार, तो माझ्यापेक्षा चांगला पळणारा. साडेअकराच्या सुमारास डोंगर उतरून आम्ही पायथ्याच्या शेतांजवळ आलो. तो बुटाची नाडी बांधायला बसला. नाडी बांधलेलीच होती. त्याने ती सोडली, बांधली, पुन्हा सोडली. मग विचारलं, "गाडी कुठे लावली?" मी सांगितलं. मिनिटभरात पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा. कपाळावर घाम होता, म्हणून मला आधी वाटलं ठीक आहे. तिथेच मी चुकलो. पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. ओळखायची खूण म्हणजे माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, तोल जातो, चिडतो. उन्हात अंगावर काटा येणं हीसुद्धा वाईट खूण.

शेजारी केळीची बाग होती, कोपऱ्यात सिमेंटचा हौद. बागेतल्या शेतकऱ्याने आणि मी त्याला उचलून गळ्यापर्यंत पाण्यात बसवलं. मी मागून काखेत हात घालून धरलं, शेतकऱ्याने बोअरची मोटर चालू करून पाइप डोक्यावर धरला. वीसेक मिनिटांनी तो कुडकुडला आणि म्हणाला, "आपण इथे काय करतोय?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी हौदात बसवलंत हे बरं केलंत. उष्माघातात क्रम हाच: आधी थंड करा, मग हलवा. तापल्या गाडीत तासभर नेण्यात वेळ गेला तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांना इजा होते. हौद नसेल तर सावलीत आडवं करून सतत पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन दुसऱ्याने लावायचा, आणि डोंगरात रेंज मिळेलच असं नाही.

त्यामुळे गटाने एकटं कोणालाच सोडू नका, जोड्या करा. दर अर्ध्या तासाला एकमेकांना साधा प्रश्न विचारा, आज वार कोणता, पुढचं पाणी कुठे. उत्तराला वेळ लागला तर थांबा. गाडी जिथे जिथे वाटेला भेटते तिथे बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवा. तुकडे उपरण्यात बांधून मानेवर घेता येतात. आणि वाट ठरवताना पायथ्याचे हौद, विहिरी, बोअर कुठे आहेत ते आदल्या दिवशी फिरून बघा, बागवाल्यांना सांगून ठेवा. कोणी नाही म्हणत नाही. आमच्या त्या बागवाल्याने तर जाताना केळीचा अख्खा घड गाडीत टाकला होता.

वजनाचं माप काढलंत की इथे टाका, त्यावरून पाण्याचा आणि मिठाचा हिशेब सोबत बसून करू.