सेकंडहँड ईव्हीची बॅटरी किती उरली आहे, हे घरच्या घरी कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ ची, ३०.२ युनिटांच्या (म्हणजे किलोवॅट-तासांच्या) बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही पुण्यातच वापरलेली घेतली. कागदावर एका चार्जमध्ये ३१२ किमी, पण फुल चार्ज केल्यावर डॅशबोर्ड १७८ दाखवतो. मग बॅटरी गेली का?

१७८ वरून ते ठरत नाही. डॅशबोर्डवरची रेंज म्हणजे गाडीने बांधलेला अंदाज, आणि तो अलीकडे गाडी कशी चालवली यावरून निघतो. टाकी केवढी आणि मायलेज किती, हे पेट्रोलच्या गाडीतही दोन वेगळे प्रश्न असतात, तसंच हे. समजा बॅटरीत २८ युनिटं मावतात. सिंहगड रोडच्या गर्दीत किलोमीटरला १२५ वॅट-तास (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास) लागले तर २२४ किमी जाल. हायवेवर १५७ लागले तर बरोबर १७८. बॅटरी तीच.

आणि ३१२ विसरून जा. तो आकडा एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची चाचणी करणाऱ्या आपल्या वेताळ टेकडीवरच्या संस्थेचा आहे, पण टेकडी चढून काढलेला नाही. चाचणी रोलरवर, एअर कंडिशनर बंद ठेवून, ठरावीक चालीत होते. नव्या गाडीलाही रोजच्या वापरात २०० च्या आसपासच मिळायचे.

म्हणून किलोमीटर सोडा, युनिटं मोजा. सगळ्यात सोपी जागा म्हणजे पब्लिक फास्ट चार्जर. तिथल्या पावतीवर युनिटं येतात, आणि अशा डीसी (एकदिश प्रवाहाच्या) चार्जरची युनिटं जवळपास थेट बॅटरीत जातात. (थोडी कूलिंगमध्ये खर्च होतात, तेवढं सोडून द्या.) २० टक्क्यांना लावा, ८० ला काढा. समजा पावतीवर १७ युनिटं आली. ६० टक्क्यांना १७, तर १०० ला २८ च्या जरा वर. एवढं निघालं तर निर्धास्त राहा. २४-२५ निघालं तर लगेच घाबरू नका, पण पुढच्या गोष्टी करून पुन्हा मोजा.

घरी मोजायचं तर १६ अँपिअरचा, युनिटं दाखवणारा मीटर सॉकेटला लावा. इथे मात्र फरक लक्षात ठेवा: घरच्या एसी (उलटसुलट प्रवाहाच्या) चार्जिंगमध्ये १०-१५ टक्के वीज गाडीतल्या चार्जरमध्ये उष्णता होऊन जाते. २० ते १०० करताना मीटरवर २५-२६ युनिटं पडली, तर बॅटरीत गेलेली २२ च्या आसपास. सोसायटीच्या बिलावरून बॅटरी मोजणारे हे वजा करायला विसरतात आणि बॅटरी नव्याहून मोठी निघाली म्हणून खूश होतात.

आता टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा? या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल आहेत. त्यांचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, ३.२-३.३ व्होल्ट, ४० टक्क्यांना आणि ७० ला फारसा फरक नाही. त्यामुळे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेला, व्होल्टेज बघून टक्के सांगता येत नाहीत, तो आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहतो आणि ती हळूहळू चुकत जाते. हिशेब पुन्हा जुळतो तो फुल चार्जला, कारण तिथे व्होल्टेज झपकन वर चढतो. आधीच्या मालकाने कायम फास्ट चार्जरवर ८० पर्यंतच चार्ज केली असेल तर टक्के भरकटलेले असू शकतात. म्हणून मोजण्याआधी दोन-तीनदा घरच्या चार्जरवर हळू चार्ज करून १०० होऊ द्या, आणि १०० दिसल्या दिसल्या प्लग उपटू नका. सेल एकमेकांशी जुळवून घेतात ते त्या शेवटच्या वेळात.

त्यानंतर ओबीडीचा (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचा) ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं अ‍ॅप. तिथे एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत, म्हणून एक टक्केवारी दिसते आणि विकणारे तिचाच स्क्रीनशॉट पाठवतात. मी तिला फार भाव देत नाही, तोही बीएमएसचा अंदाजच. मी बघतो ते सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजचा सेल. या पॅकमध्ये शंभरेक सेल एका माळेत आहेत आणि माळ सगळ्यात अशक्त सेलपाशी थांबते. चार्ज ५० टक्क्यांच्या आसपास, गाडी उभी, तेव्हा फरक अगदी थोडा हवा. १०० टक्क्यांना वाढलेला दिसला तर ते चालतं. पण २० च्या खाली, चढावर जोर देताना, दर वेळी तोच एक सेल बाकीच्यांपेक्षा खोल जात असेल, किंवा १५ वरून टक्के धाडकन ४-५ वर येत असतील, तर ती खरी तक्रार. आकड्यांचे फोटो काढून सर्व्हिस सेंटरला जा आणि लेखी नोंद करून घ्या. या मॉडेलच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल ते. तुमची २०२९ पर्यंत जाते. दुसऱ्या मालकाच्या नावावर ती नीट चढली आहे का, हे आरसी ट्रान्सफर झाल्याबरोबर विचारा.

युनिटं ठीक निघाली आणि रेंज तरीही कमी, तर बॅटरीला दोष देऊ नका. आधी टायर बघा. मूळचे टायर झिजले की मालक स्वस्तातले साधे बसवतात, आणि रेंज तिथेच गळते. हवा तपासा. वेग तपासा: ८० ऐवजी १०० ने गेलात की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. घाटही धरा. खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे ५५० मीटर चढ. चार माणसं बसलेली ही गाडी तेवढी उचलायलाच अडीच युनिटं लागतात, म्हणजे बॅटरीचे नऊ-एक टक्के थोडक्या किलोमीटरांत. मुंबईहून येताना घाटात रेंज भराभर उतरली म्हणून घाबरून फोन करणारे मित्र मला दर सुट्टीत भेटतात. जाताना हीच गाडी उतारावर थोडी वीज परत कमावते, ते कोणी सांगत नाही.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली १०० टक्के करून आठवडाभर गाडी सोडून गावाला जाऊ नका. ५०-६० वर ठेवा. आणि गाडी पाच वर्षांच्या घरात आली आहे, तर १२ व्होल्टची छोटी बॅटरीही तपासून घ्या. ती मरायला टेकली की डॅशबोर्डवर नाही नाही ते इशारे येतात आणि लोक मोठ्या बॅटरीच्या नावाने रडतात.

फास्ट चार्जरची मोजणी मात्र या हिवाळ्यात एकदा, मग एप्रिलमध्ये एकदा, शक्यतो त्याच चार्जरवर आणि त्याच २० ते ८० मध्ये करा, आणि ओडोमीटरच्या आकड्यासकट वहीत लिहून ठेवा.