औषधं कंपन्याच काढतात, मग सरकारी संशोधनाचा ऑटोइम्यून रुग्णाला उपयोग काय?

गोळी कंपनीच बनवते, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण शरीरातलं नेमकं काय रोखायचं, हे कंपनीला कळतं कुठून?

टोफासिटिनिब घ्या. आमवात हा ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा. त्यावरची ही गोळी अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली. तिचं मूळ मात्र १९९०च्या दशकात, एनआयएच या तिथल्या सरकारी संस्थेत. जॉन ओ'शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींच्या आत निरोप पोचवणारं जॅक-३ हे प्रथिन हुडकलं. पुढे लक्षात आलं, की काही बाळांमध्ये याच प्रथिनाच्या जनुकात जन्मजात बिघाड असतो. त्यांची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच, साधा संसर्गही जिवावर बेततो. बाकीचे अवयव मात्र ठीक. मग विचार असा झाला, की जे नसल्याने प्रतिकारशक्ती लुळी पडते, ते थोडं दाबलं तर आपल्याच सांध्यांवर उठलेली प्रतिकारशक्ती आवरता येईल. त्यानंतर फायझर सोबत आली. रेणू घडवणं, मोठ्या चाचण्या करणं हे कंपनीचं श्रेय आहेच. पण इतक्या दुर्मिळ आजाराच्या मूठभर बाळांचा अभ्यास करायला नफा बघणारं कोण आधी पुढे आलं असतं?

मला याहून मोठा वाटणारा फायदा वेगळाच आहे. जुन्या स्वस्त गोळ्या महागड्या इंजेक्शनच्या तोडीच्या आहेत का, हे इंजेक्शन विकणारा कशाला तपासेल? ते तपासलं अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने, कॅनडाच्या सरकारी निधीची साथ घेऊन. मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या जुन्या औषधाने पुरेसा आराम न पडलेले ३५३ रुग्ण घेतले. मेथोट्रेक्सेट सगळ्यांचं चालूच ठेवलं. एका गटाला वर सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या गोळ्या, दुसऱ्याला एटानरसेप्टचं महागडं इंजेक्शन. २४ आठवड्यांत गुण न आलेल्यांना दुसऱ्या गटाचे उपचार दिले. ४८ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास बरोबरीत. गोळ्यांनी पोटाच्या तक्रारी जास्त झाल्या, इंजेक्शनने संसर्ग जास्त.

हा निकाल २०१३ मध्ये छापून आला. पण जुन्या गोळ्यांची बाजू मांडायला दवाखान्यांतून एमआर, म्हणजे कंपन्यांचे औषध-प्रतिनिधी, फिरत नाहीत. तेव्हा मेथोट्रेक्सेट पुरत नाही म्हणून इंजेक्शन सुचवलं गेलं, तर त्याआधी तीन गोळ्यांचा पर्याय तुम्हाला चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.