शहराचा धूर: आधी कुठे हात घालायचा?

शहरांच्या हवामान-आराखड्यांबद्दल वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या शहराला हरितगृह वायूंचा हिशेब मांडायचा आहे. सल्लागारांनी 'स्कोप' 1, 2, 3 असे रकाने दिले आहेत. यात शहराचं उत्सर्जन नेमकं कशाला म्हणायचं?

उत्तर: वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आणि सी40, इक्ली ही शहरांची आंतरराष्ट्रीय जाळी यांनी 2014 साली शहरांसाठी हिशेबाची एक समान पद्धत प्रसिद्ध केली. तुम्हाला मिळालेले रकाने तिच्यातलेच आहेत. हद्दीच्या आत जळलेलं इंधन पहिल्या रकान्यात येतं. शहराने बाहेरून घेऊन वापरलेली वीज दुसऱ्यात. शहरामुळे हद्दीबाहेर होणारं उत्सर्जन तिसऱ्यात, म्हणजे हद्दीपलीकडच्या डेपोत कुजणारा तुमचा कचराही तुमच्याच नावावर.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. पंपांवर विकलेल्या डिझेलचे लिटर 2.68 किलोने आणि पेट्रोलचे साधारण 2.3 किलोने गुणले की वाहतुकीचा कार्बन डायऑक्साइड मिळतो, पण हमरस्त्यालगतच्या पंपांवर परगावच्या मालमोटारीही टाक्या भरून जातात. म्हणून विक्रीचा आकडा रस्त्यावरच्या वाहनगणतीशी ताडून पाहा. दुसरी चूक दुहेरी मोजणीची. हद्दीत वीजकेंद्र असेल तर त्याचं इंधन आणि लोकांनी वापरलेली वीज एकाच बेरजेत घालू नका.

आमचा आग्रह एवढाच, की विजेचं उत्सर्जन दाखवताना शेजारी वापरलेली युनिटंही छापा. वीजजाळं स्वच्छ होत गेलं, म्हणजे त्यातली कोळशाची वीज कमी झाली, की शहराने काहीही न करता आकडा उतरतो, आणि ते श्रेय भलत्याच योजनेच्या पदरात पडतं.

प्रश्न: निधी थोडा आहे. पहिलं काम कोणतं घ्यावं?

उत्तर: ओला कचरा. हिशेबात तो सगळ्यात मोठा असेलच असं नाही, पण महापालिकेच्या थेट हातात असलेलं आणि लवकर फळ देणारं काम हेच आहे. कचरा डेपोतल्या ढिगाखाली हवा पोचत नाही, म्हणून अन्न कुजताना मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक टन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 टनांइतका तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने 80 टनांच्या आसपास. डेपोवर वायू ओढणाऱ्या विहिरी बसवता येतात आणि जुन्या ढिगांसाठी त्या बसवायलाच हव्यात. मात्र अन्न इतकं लवकर कुजतं की विहिरी सुरू होईपर्यंत बराचसा वायू उडून गेलेला असतो. नवा ओला कचरा तिथे जाऊच न देणं हा खरा उपाय.

त्याऐवजी त्याचं खत करा. खताचा ढीग साधारण दीड मीटर उंच रचा. एक भाग ओल्या कचऱ्याला आकारमानाने एक ते दोन भाग कोरडा पालापाचोळा किंवा लाकडाचा चुरा लागतो, कारण कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण 25 ते 30 ला 1 हवं. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त आहे. आतलं तापमान 55 अंशांवर 15 दिवस टिकलं पाहिजे आणि त्या काळात ढीग किमान पाचदा उलटावा, म्हणजे रोगजंतू मरतात. पुढे पक्व व्हायला आणखी काही आठवडे द्या.

वास येऊ लागला तर आत हवा संपली असं समजा. ज्या वायूसाठी एवढा खटाटोप केला, तोच तेव्हा ढिगातून निघत असतो. त्या वेळी सुगंधी फवारे मारण्यात अर्थ नाही. कोरडा माल मिसळा आणि ढीग उलटा.

योजना कोलमडते ती मात्र खताच्या ढिगावर नव्हे, दारात. लोकांनी वेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत एकत्र ओतलेला दिसला की महिन्याभरात वर्गीकरण संपतं. गाडीत दोन कप्पे किंवा दोन वेगळे फेरे आधी हवेत, आवाहन नंतर. इटलीतल्या मिलानने 2012 ते 2014 या काळात शहराचा एकेक भाग घेत घरोघरचं अन्न वेगळं उचलायला सुरुवात केली. घराघरात जाळीदार लहान डबा आणि कुजणारी पिशवी दिल्यामुळे आतली वाफ निघून जाते, कचरा हलका राहतो आणि वासही कमी येतो.

प्रश्न: डिझेल बस काढून विजेच्या बस आणल्या की उत्सर्जन किती घटेल?

उत्तर: तुमची वीज कशापासून बनते यावर ते ठरतं. लिटरला तीन किलोमीटर धावणारी डिझेल बस किलोमीटरमागे सुमारे 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. विजेच्या बसला किलोमीटरमागे 1.2 युनिट धरा. युनिटमागे 0.7 किलो उत्सर्जन असलेल्या जाळ्यावर ते 0.84 किलो होतं, म्हणजे फरक नाममात्र. युनिटमागे 0.3 किलो असेल तर 0.36. डिझेल काढण्या-शुद्ध करण्यातलं उत्सर्जन धरलं तर विजेची बाजू आणखी जड होते, आणि रस्त्यावरचा धूर तर पहिल्याच दिवशी थांबतो.

चीनमधल्या शेन्झेनने 2017 अखेर 16,000 हून अधिक बस विजेवर आणल्या, तेव्हा काम शक्य आहे यात शंका नाही. अडतं ते आगारात. दिवसाला 200 किलोमीटर धावणाऱ्या 50 बसना रात्रीत 12,000 युनिटं लागतात. सहा तासांत भरायची तर सतत 2 मेगावॉट भार येतो. बस दारात उभ्या आणि ट्रान्सफॉर्मर अजून मंजुरीत, असं व्हायला नको, म्हणून वीजजोडणीचा अर्ज बसच्या निविदेआधी करा. चार्जर आळीपाळीने चालवणारी यंत्रणाही घ्या. सगळ्या बस परतल्याबरोबर एकदम जोडल्या तर भाराचा कळस दुपटीवरही जाऊ शकतो.

आणि बस बदलण्यापेक्षा माणसं खासगी गाडीतून बसमध्ये आली तर फायदा मोठा. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने 2006 च्या सुरुवातीला गर्दी-शुल्क, म्हणजे शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क, लावून पाहिलं, तेव्हा शुल्क-सीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली. जादा बस मात्र ऑगस्ट 2005 पासूनच सुरू केल्या होत्या. हा क्रम उलटवू नका.

प्रश्न: झाडं लावून हे सगळं भरून निघणार नाही का?

उत्तर: नाही. वाढलेलं एक झाड वर्षाला ढोबळमानाने 20 किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. वर्षाला 60,000 किलोमीटर धावणारी एक डिझेल बस सुमारे 54 टन सोडते, म्हणजे एका बसला अडीच हजारांहून अधिक झाडं. झाडं सावलीसाठी आणि पाणी मुरण्यासाठी जरूर लावा.

प्रश्न: पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल प्रचंड येतं. तिथे काही वाचेल का?

उत्तर: बरंच. एक घनमीटर पाणी 100 मीटर चढवायला तत्त्वतः 0.27 युनिट पुरतं. पंप-मोटारची एकत्रित कार्यक्षमता 60 टक्के असेल तर 0.45 लागतं. तुमची कार्यक्षमता काढायला एकूण हेड (पाणी चढवायची उंची अधिक पाइपमधल्या घर्षणाचा विरोध) मीटरमध्ये घ्या, त्याला 367 ने भागा आणि येईल त्याला घनमीटरमागच्या युनिटांनी भागा. उत्तर 0.5 च्या खाली आलं तर पंप उघडून झिजलेला इंपेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) आणि वेअर रिंग (त्याभोवतीची झिजणारी कडी) तपासा. प्रवाह मोजायला मीटर नसेल तर पाइपला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने आणा.

पंपापुढचा व्हॉल्व्ह कायम अर्धा मिटलेला दिसला तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे. अशा वेळी मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह सुचवला जातो. जिथे विरोध मुख्यतः घर्षणाचा आहे तिथे वेग 80 टक्क्यांवर आणला की शक्ती जवळपास निम्मी लागते. थेट उंच टाकीत पाणी चढवायचं असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, वेग थोडा जास्त उतरवला तर पाणी वर पोचतच नाही. तिथे इंपेलर तासून घेणं किंवा योग्य मापाचा पंप बसवणं बरं.

मात्र त्याआधी गळती शोधा. चोवीस तास पुरवठा असलेल्या भागात रात्री 2 ते 4 या वेळात वापर जवळजवळ नसतो, तेव्हा नळवाहिनीतून वाहणारं पाणी बहुतांशी गळतीचंच असतं. ती थांबली की लागणारा प्रवाह कमी होतो, आणि आधीच घाईने घेतलेला नवा पंप पुन्हा मोठा ठरतो.