निवृत्तीची रंगीत तालीम

प्रश्न: येत्या मार्चअखेर, वयाच्या 58व्या वर्षी, पिंपरीच्या खासगी कंपनीतून मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून निवृत्त होतोय. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 47 लाख येतील. मुलाला फ्लॅटसाठी 20 लाख हवेत. मला चिपळूणजवळच्या गावी जाऊन राहायचंय, पण सौ. म्हणते, 'मी येणार नाही.' मधुमेह आहे. दिवसभर करायचं काय, याचीच धास्ती वाटते. – एक वाचक

उत्तर: पत्रात सगळे आकडे आहेत, पण वहिनी नाही का म्हणतात ते नाही. बहुधा तुम्ही विचारलेलंच नाही. निवृत्त तुम्ही होताय, त्या नाहीत. तुम्ही घरी बसलात की त्यांचा चहा-स्वयंपाक वाढतो. गावी गेल्यावर तर तेच काम, वर मैत्रिणी नाहीत आणि डॉक्टर लांब. दुपारचं जेवण आणि बाजारहाट आतापासूनच तुमच्याकडे घ्या, मग गावाचा विषय काढा.

गावी कायमचं जाण्याआधी दोन महिने राहून बघा, आणि तेही जुलै-ऑगस्टमध्ये. गणपतीत आणि मे महिन्यात कोकण सगळ्यांनाच आवडतं. वीज किती वेळ जाते, रात्री साखर उतरली तर दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, हे पावसातच कळतं. 2021च्या जुलैतला चिपळूणचा महापूर तुम्हाला ठाऊकच आहे. तोवर पिंपरीचं घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका.

सगळ्यात घाईचं काम विम्याचं. कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो. नवी पॉलिसी घेतलीत तर मधुमेहासारख्या आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, आणि कंपनीच्या गटविम्यातली वर्षं या थांबण्याच्या काळात धरली जातील का, हे एचआरकडून लेखी घ्या. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अर्ज गेलेला असू द्या. मधुमेह लपवू नका, दावा नेमका त्यावरच नाकारतात.

आता 47 लाख. आकडा मोठा दिसतो, पण त्याचा महिन्याचा पगार करून बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल 30 लाख ठेवता येतात, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. एरवी साठीची अट आहे, पण निवृत्त झालेल्याला 55नंतरही खातं उघडता येतं. मात्र निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत, आणि कंपनीचं पत्र जोडून. ही मुदत चुकली की साठीपर्यंत थांबा. ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन वेगळी, पण ती बहुतेकांना साडेसात हजारांच्या आतच मिळते. गेल्या सहा महिन्यांचा घरखर्च काढून शेजारी मांडा. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, व्याजाचे 20,500 मात्र वाढत नाहीत. म्हणून उरलेल्या 17 लाखांना घरखर्चासाठी आज हात लावायचा नाही. पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात म्हणून तिकडे जाऊ नका: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं.

मुलाला 20 दिलेत तर 27 उरतात, आणि त्यांचं व्याज महिन्याला साडेअठरा हजारसुद्धा होत नाही. त्याला वीस वर्षांचं गृहकर्ज मिळेल, तुम्हाला सत्तरीत औषधपाण्यासाठी कोण देणार? त्या 17मधले पाच द्या, तेही वहिनींना विचारून. 'सगळं शेवटी तुझंच आहे' हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ 'आजच घे' असा होतो.

दिवसाचं म्हणाल तर मेंटेनन्सचा माणूस रिकामा राहत नाही. आठवड्यातले दोन दिवस, सहा महिन्यांच्या करारावर येऊ का, हे साहेबांना निरोप समारंभाच्या आधी विचारा. नारळ-शाल झाल्यावर फोन उचलायला कुणी नसतं.